एका गाडीच्या दोन किमती

चाकणच्या कारखान्यातून निघालेला गाड्यांचा कंटेनर बोरघाट उतरतो आणि द्रुतगती मार्ग संपता संपता कळंबोलीला पोचतो. आतल्या गाड्या एकाच आठवड्यात जोडलेल्या, एकाच रंगाच्या, एकाच इंजिनाच्या असू शकतात. त्यातल्या दोन पनवेलच्या एकाच सोसायटीत गेल्या, तरी दोन घरांनी मोजलेली रक्कम सारखी असेलच असं नाही. बिस्किटाच्या पुड्यावर एमआरपी छापलेली असते, आणि आयुष्यातल्या सर्वात मोठ्या खरेद्यांपैकी एकीची किंमत मात्र टेबलापलीकडच्या माणसाच्या कॅल्क्युलेटरवर उमटते!

मला खरं नवल वाटतं ते याच्या पुढच्या गोष्टीचं. ती किंमत उलगडून पाहिली, तर तिचा फार मोठा भाग दगडासारखा पक्का निघतो. घासाघीस चालते ती उरलेल्या लहानशा भागात, आणि तो नेमका कुठे आहे हे घरबसल्या कळू शकतं.

समजा, चार मीटरच्या आतली, ११९७ सीसीची पेट्रोल गाडी आहे आणि तिची एक्स-शोरूम किंमत ८ लाख. लहान गाड्यांवर आता १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे या ८ लाखांत गाडीचे ६,७७,९६६ रुपये आणि कराचे १,२२,०३४. हा दर लागू झाला २२ सप्टेंबर २०२५ला, घटस्थापनेच्या दिवशी. त्याआधी उपकर धरून तो २९ टक्के होता. त्या हिशेबाने हीच गाडी ८,७४,५७६ रुपयांना पडली असती. एका रात्रीत सुमारे पाऊण लाख उतरले, आणि गाडीचा एक नटसुद्धा बदलला नाही.

पुढची गंमत पाहा. महाराष्ट्राचा एकरकमी वाहन कर या जीएसटीसकटच्या किमतीवर बसतो. खासगी पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२ आणि त्यापुढे १३. डिझेलला याच क्रमाने १३, १४ आणि १५. आपल्या ८ लाखांच्या गाडीला तो होतो ८८ हजार. जीएसटी उतरला तसा हा करही आपोआप आठ हजारांनी उतरला. दिल्लीत एक आकडा हलला आणि पनवेल आरटीओच्या, म्हणजे एमएच-४६च्या पावतीवरचा दुसरा आकडा त्याच्यामागून हलला.

टप्प्यांच्या कडेवर तर हिशेब अंगावर येतो. ९ लाख ९९ हजारांच्या पेट्रोल गाडीला ११ टक्क्यांनी १,०९,८९० रुपये कर. त्याच गाडीचं थोडं वरचं मॉडेल १० लाख ५ हजारांना असेल, तर पूर्ण रकमेवर १२ टक्के लागतात, म्हणजे १,२०,६००. शिवाय १० लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ गोळा केलेला प्राप्तिकर, ते आणखी १०,०५०. किंमत ६ हजारांनी वाढली, पण बँकेतून २६,७६० रुपये जास्त गेले. टीसीएस मात्र खर्च नव्हे. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि प्राप्तिकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. अनेक घरांत हे दहा हजार विसरले जातात, याचं वाईट वाटतं.

आता विमा. याचे दोन भाग आहेत आणि दोघांचा स्वभाव अगदी उलटा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८पासून नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्याचा दर सरकार ठरवतं. २०२२च्या अधिसूचनेप्रमाणे हजार ते दीड हजार सीसीच्या गाडीला तो तीन वर्षांसाठी १०,६४० रुपये, वर जीएसटी. कुठल्याही कंपनीकडे गेलात तरी तेवढाच. दुसरा भाग आपल्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेज. इथे दर कंपनीगणिक बदलतो, आणि घासाघिशीची पहिली मऊ जागा सापडते ती इथे. विमा शोरूममधूनच घ्या अशी सक्ती कुणालाही करता येत नाही. फक्त तुलना करताना दोन्ही कोटेशनांत आयडीव्ही, म्हणजे गाडीची विमा उतरवलेली किंमत, आणि झिरो डेपसारखी जोडकलमं सारखी आहेत ना, ते बघा. आयडीव्ही खाली ओढून हप्ता स्वस्त दाखवणं सोपं असतं.

दुसरी मऊ जागा कोटेशनच्या तळाशी असते: हँडलिंग, लॉजिस्टिक्स, डेपो चार्ज, 'इसेन्शिअल किट'. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज करणं हे डीलरचंच काम आहे. पूर्ण बांधणीची गाडी आरटीओत नेऊन दाखवावी लागत नाही. नोंदणीचं सरकारी शुल्क ६०० रुपये, स्मार्ट कार्डाचे २००, आणि कर्ज असेल तर बोजा चढवण्याचे १५००. एवढे आकडे माहीत असले, की 'आरटीओ आणि इतर' या एका ओळीत काय काय भरलंय ते स्वच्छ दिसतं.

तिसरी जागा डीलरच्या स्टॉकयार्डात. तिथल्या गाड्या त्याने बहुधा कर्ज काढून आणलेल्या असतात आणि उभ्या गाडीवर रोज व्याज चढतं. सप्टेंबर २०२४च्या आकडेवारीत डीलरांच्या संघटनेने, फाडाने, सांगितलं होतं की देशभरात ८० ते ८५ दिवसांचा साठा पडून आहे: ७ लाख ९० हजार गाड्या, किंमत ७९ हजार कोटी. म्हणून सवलत विक्रेत्याच्या मेहेरबानीवर फारशी अवलंबून नसते. ती यार्डातल्या कॅलेंडरवर ठरते. महिनाअखेर, डिसेंबर आणि पितृपक्ष हे ग्राहकाचे दिवस. पितृपक्षात आपल्याकडे नवी गाडी कुणी घरी आणत नाही, पण भाव ठरवायला पंचांगाची आडकाठी नाही. पितरांच्या पंधरवड्यात बोलणी आणि दसऱ्याला डिलिव्हरी, हा मला सगळ्यात शहाणा मुहूर्त वाटतो.

यात पनवेलकराचं भाग्य थोर आहे. मुंबई-पुण्याचा जुना रस्ता, द्रुतगती मार्ग आणि गोव्याचा महामार्ग या गावाशी जुळतात. नवी मुंबई, ठाणे, पेण, पुणे असे कितीतरी डीलर आवाक्यात येतात, आणि गाडी त्यांतल्या कुणाकडूनही घेतली तरी पासिंग एमएच-४६लाच होऊ शकतं. चार ठिकाणी फिरायची गरजच नाही. मॉडेल, व्हेरियंट आणि रंग पक्का करून सगळ्यांकडे एकच मजकूर पाठवायचा, ओळवार लेखी कोटेशन मागायचं. पक्क्या ओळी सगळीकडे सारख्याच येणार. फरक दिसेल तो फक्त मऊ जागांत.

ही घासाघीस संपवण्याचे प्रयत्नही झालेत. अमेरिकेत ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मनरोनी यांच्या पुढाकाराने १९५८मध्ये कायदा झाला आणि प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर किमतीचा तपशील चिकटवणं बंधनकारक झालं. आपल्या चाकणमध्ये कारखाना असलेल्या मर्सिडीज-बेंझने ऑक्टोबर २०२१पासून आणखी पुढचं पाऊल टाकलं: साठा कंपनीचा, बिल कंपनीचं, देशभर एकच किंमत आणि डीलरला कमिशन. ज्यांना पाच-दहा हजारांचा फरक जाणवतो त्या ग्राहकांना याची जास्त गरज आहे, आणि त्यांच्याच गाड्यांना अजून ही सोय मिळालेली नाही.

म्हणून तोवर दोन कागद मागून घ्या. पहिला फॉर्म २१, म्हणजे विक्री प्रमाणपत्र. त्यात गाडी कोणत्या महिन्यात आणि वर्षात बनली ते लिहिलेलं असतं; पैसे पूर्ण भरण्याआधीच ही माहिती विचारा. दुसरा, पासिंगनंतरची कराची पावती. तिच्यावर सरकारजमा झालेली रक्कम रुपयापर्यंत असते. कोटेशनप्रमाणे कराच्या नावाने तुमच्याकडून घेतलेली रक्कम त्याहून जास्त असेल, तर उरलेले पैसे परत मागा.