यांत्रिक नौकेची बॅटरी : निवड आणि निगा

सातपाटी, हर्णै, मिरकरवाडा, देवगड अशा बंदरांतून मासेमारीस निघणाऱ्या यांत्रिक नौकांवर आज इंजिनाइतकेच महत्त्व बॅटरीस आले आहे. इंजिन सुरू करणे, दिशादर्शक दिवे, मत्स्यशोधक यंत्र, जी.पी.एस. आणि बिनतारी संदेशयंत्र ही सर्व कामे तिच्यावरच अवलंबून असतात. डिसेंबर २०१७ मधील ओखी चक्रीवादळाच्या वेळी केरळ व तामिळनाडूच्या नौकांनी देवगड बंदरात आश्रय घेतला होता. अशा प्रसंगी किनाऱ्याशी संपर्क राखणे किती आवश्यक असते, हे वेगळे सांगावयास नको. बॅटरी क्षीण झाली म्हणजे बिनतारी यंत्रावर दुसऱ्याचे बोलणे ऐकू येते. परंतु आपला संदेश पाठविण्यास अधिक वीज लागत असल्याने तो मात्र पोहोचेलच असे नाही.

दोन कामे, दोन बॅटऱ्या

इंजिन सुरू करताना काही सेकंदच, पण फार मोठा विद्युतप्रवाह लागतो. त्यासाठी असलेल्या बॅटरीत पातळ प्लेटांची संख्या अधिक असते. दिवे व यंत्रे यांना मात्र थोडा प्रवाह रात्रभर पुरवावा लागतो. त्याकरिता जाड प्लेटांची बॅटरी योग्य होय. ट्रक वा मोटारीची बॅटरी या दुसऱ्या कामास जुंपल्यास ती लवकर निकामी होते. सबब दोन्ही कामांसाठी स्वतंत्र बॅटऱ्या ठेवणे आणि त्या स्विचने अलग राखणे हितावह ठरते. रात्रभर दिवे जळाले तरी पहाटे इंजिन सुरू करण्यापुरती वीज त्यामुळे शिल्लक राहते.

क्षमता कशी ठरवावी?

बॅटरीची क्षमता अँपिअर-तासांत मोजतात. समजा, नौकेवरील दिवे व यंत्रे मिळून ४८ वॉट वीज लागते. १२ व्होल्टच्या बॅटरीतून त्यासाठी ४ अँपिअर प्रवाह जाईल. १२ तासांत ४८ अँपिअर-तास खर्च होतील. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिती करू नये, हा नियम लक्षात घेता १०० अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी लागेल. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी वजनाने हलकी असते व अधिक रिती केलेली चालते. तथापि तिची किंमत जास्त असते आणि तिला तिच्या जातीचाच चार्जर लागतो.

निगा

पूर्ण चार्ज झालेली व काही तास विसावलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ व्होल्ट म्हणजे ती जवळजवळ निम्मी रिती झाली, असे समजावे. ती तशीच पडून राहिल्यास प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात व क्षमता कायमची घटते. म्हणून जून-जुलैच्या मासेमारी बंदीत नौका किनाऱ्यावर ओढल्यानंतर बॅटऱ्या काढून कोरड्या, हवेशीर जागी ठेवाव्यात आणि महिन्यातून एकदा चार्ज कराव्यात.

पाणी भरावयाच्या बॅटरीत प्लेटा नेहमी बुडालेल्या असाव्यात. पातळी उतरल्यास केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे वा नळाचे पाणी अथवा आम्ल घालू नये. टर्मिनलवरील क्षार खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसावेत. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. नंतर टर्मिनल कोरडे करून, तारा घट्ट आवळून त्यावर पेट्रोलियम जेली लावावी. खाऱ्या हवेत ही काळजी अत्यावश्यक आहे.

सुरक्षितता

चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू बाहेर पडतो. तेथे बिडी, काडी वा ठिणगी यांमुळे स्फोट होऊ शकतो. बॅटरीत समुद्राचे पाणी शिरल्यास क्लोरीन हा विषारी वायू निर्माण होण्याचा धोका असतो. यास्तव ती तळातील पाण्यापासून उंच, हवा खेळती असलेल्या पेटीत पक्की बांधावी. बॅटरी काढताना ऋण टर्मिनलची तार प्रथम सोडावी, बसविताना ती शेवटी जोडावी.

जुनी बॅटरी फोडून शिसे काढणे किंवा आम्ल खाडीत ओतणे आरोग्यास व मत्स्यसंपत्तीस घातक आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार टाकाऊ बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्चक्रणाची व्यवस्था पाहण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. किनाऱ्यावरील ग्रामपंचायती व मच्छीमार सहकारी संस्थांनी बंदीच्या दोन महिन्यांत बॅटरी तपासणीचा एखादा दिवस ठरविला आणि शाळांतील विज्ञान शिक्षकांनी त्यास हातभार लावला, तर नारळी पौर्णिमेनंतर समुद्रावर जाणारा तांडेल अधिक निर्धास्त मनाने नौका हाकारील.