एकट्याला काढता येईल असं झाकण

जून उजाडला की कोकणच्या बंदरांत मोठ्या नौका शाकारायची घाई उडते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. नौका वर ओढायची, तिच्यावर बांबूंचा सांगाडा उभारायचा आणि झापांनी किंवा ताडपत्रीनं ती झाकायची. काम मेहनतीचं, पण वर्षातून एकदाच; म्हणून ते होतं. खाडीतल्या वल्ह्याच्या होडीचं तसं नाही. तिला बंदी लागू नाही. पाऊस जरा उघडला की ती पाण्यात जाऊ शकते. मात्र तिच्यावर दहा-बारा गाठींची ताडपत्री आवळलेली असेल, तर दोनच गोष्टी होतात: होडी उघडी पडून राहते, नाहीतर झाकलेलीच राहते.

उघडी ठेवणं महागात पडतं. होडीच्या उघड्या भागाचं क्षेत्रफळ सात चौरस मीटर धरा. शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे तिच्यात सातशे लिटर, अर्थात सातशे किलो पाणी. कोकणात एका दिवसात एवढा पाऊस ही काही नवलाई नाही. उन्हातली अतिनील किरणं फायबरच्या होडीचा वरचा थर भुरभुरीत करतात. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या वर टिकला तर बुरशी फोफावते. लाकूड फार सुकलं तर फळ्या आकसून सांधे उघडतात.

म्हणून घट्ट गुंडाळावं, तर तेही चूक. आत कोंडलेली दमट हवा रात्री गार झालेल्या ताडपत्रीला लागते, हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं आणि ते आतच ठिबकतं. वरून उतार आणि बाजूंनी हवा हवी. मोठ्या नौकांवरचा बांबूचा सांगाडा हेच साधतो.

पण हे सगळं ठाऊक असूनही माणूस आळस करतो. येल विद्यापीठातल्या हॉवर्ड लेव्हेन्थाल आणि सहकाऱ्यांचा १९६५ चा प्रयोग इथे आठवावा. धनुर्वाताची भीती घातलेल्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे तीन टक्केच लस घ्यायला गेले. ज्यांना सोबत दवाखान्याचा नकाशा देऊन वेळ ठरवायला सांगितलं, त्यांच्यातले सुमारे अठ्ठावीस टक्के गेले. भीती तीच होती. वाट तेवढी सोपी झाली होती.

होडीलाही हेच लागू आहे. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत एक आडवा बांबू कायमचा बसवा. ताडपत्रीची एक कड होडीच्या काठाला पक्की करा. दुसऱ्या कडेला गाठींऐवजी वाळू भरलेल्या बाटल्या लोंबत सोडा. त्या ताडपत्री ताणून धरतात, आणि निघताना ती एका बाजूला गुंडाळली की झालं. वाऱ्याच्या दिवशी मात्र एखादा दोर वरून टाकावाच लागतो.

होडी ठेवायच्या जागेचंही तेच. ती वाळूवरून घासत ओढताना घर्षणाशीच बहुतेक ताकद खर्ची पडते. फळ्या अंथरून त्यावर गोल ओंडके ठेवले की ही ताकद बरीच वाचते, आणि दुसऱ्या माणसाची वाट पाहावी लागत नाही.

झाकण घेताना कापड किती वर्षं टिकेल हे आपण विचारतोच. एकट्यानं, ओल्या हातांनी, वाऱ्यात ते किती वेळात निघतं, हे आधी करून पाहावं.