गोव्यात विमानतळ दोन. व्यापाऱ्याने कोणता धरावा?

बांदा-सावंतवाडीकडील आमचे व्यापारी बांधव पूर्वी मुंबईला निघाले की रात्रीची बस धरीत, नाहीतर कोकण रेल्वे. विमान ही मोठ्या लोकांची गोष्ट होती. आता काजूच्या सौद्यासाठी, मालाच्या खरेदीसाठी आणि आखातातील नोकरीसाठी विमानाने जाणारे आपल्याच मोहल्ल्यात आहेत. त्यांच्यापुढे रोजचा प्रश्न असतो, दाबोळी की मोपा?

दाबोळी हा नौदलाचा तळ. नागरी विमानांनी नौदलाच्या सोयीने चालायचे. कामाच्या दिवशी सकाळचे काही तास सरावासाठी राखीव असतात. मोप्याचा विमानतळ पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून आहे. तेथून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने सुटू लागली. तो चोवीस तास चालतो, म्हणून कंपन्यांना हवी ती वेळ तेथे सहज मिळते.

आमचे बहुतेक बांधव तिकिटाचा दर पाहतात आणि तेथेच हिशेब बंद करतात. आमच्या मते चूक इथे होते. हिशेब दुकानाचे शटर ओढल्यापासून मुक्कामी पोहोचेपर्यंतचा हवा. समजा, बांद्याच्या व्यापाऱ्याला दाबोळीचे तिकीट पाचशे रुपयांनी स्वस्त मिळाले. दाबोळी त्याच्यापासून साधारण सत्तर किलोमीटर. टॅक्सीवाला ते पाचशे तर घेईलच, वर आणखी घेईल. आठच्या विमानासाठी मोप्याला जायचे तर तो फजरची नमाज पढून आरामात निघू शकतो. दाबोळीसाठी त्याला चारलाच घर सोडावे लागेल. मडगावच्या फर्निचर कारागिराचे नेमके उलटे आहे. त्याला दाबोळी पंचवीसेक किलोमीटर आणि मोपा साठाहून अधिक. पणजीकराला मात्र दोन्ही जवळपास सारखेच, म्हणून खरी ओढाताण त्याच्यासाठीच चालते.

मग जवळचा तोच चांगला, असे म्हणावे काय? तसेही नाही. सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. मालवण-कुडाळकरांना याहून जवळ काय? पण मुंबईचे एकच छोटे विमान. ते रद्द झाले की दिवस फुकट. ती सेवाही २०२४ मध्ये खंडित झाली आणि माणसे मोप्याकडे वळली. ज्या ठिकाणाहून दिवसाला अनेक विमाने सुटतात तेथे एक चुकले तर दुसरे मिळते. सौदा लांबला तरी रात्री परतता येते. व्यापाऱ्याला याची किंमत सहलीच्या प्रवाशापेक्षा जास्त असते.

हे आमचेच म्हणणे नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवती सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड आणि सॅन होजे असे तीन विमानतळ आहेत. तेथील प्रवाशांचा अभ्यासकांनी पूर्वीच अभ्यास केला. विमानतळापर्यंतचा वेळ आणि विमानांची संख्या या दोन गोष्टींवर प्रवाशाची निवड मोठ्या प्रमाणात ठरते, असे त्यातून दिसले.

रस्ता बदलला की निवडही बदलते. जुवारी नदीवरील नवा पूल डिसेंबर २०२३ मध्ये पूर्ण खुला झाला. पणजीहून दाबोळीला जाताना होणारी जुन्या पुलावरची कोंडी त्यामुळे सुटली. जुलै २०२४ मध्ये धारगळहून मोप्याला थेट रस्ता झाला. दोन्ही बाजूंनी वाट सोपी झाली, पण विमाने मोप्याकडे सरकत आहेत. कतार एअरवेजने दोहाचे विमान जून २०२४ मध्ये दाबोळीहून मोप्याला नेले. दाबोळी बंद होणार नाही, असे सरकार सांगते. पण वास्को-चिखलीच्या टॅक्सीवाल्याचे, लॉजवाल्याचे, चहाच्या टपरीवाल्याचे पोट विमानांच्या संख्येवर चालते, आश्वासनावर नव्हे. ज्यांनी तेथे कर्ज काढून गाडी घेतली त्यांची काळजी आम्हाला वाटते. तसेच बांद्याकडे गाळा घेऊ पाहणाऱ्यांनीही प्रवासी वाढले म्हणून गिऱ्हाईक थांबेलच असे धरू नये. मोप्याचा प्रवासी बहुधा गाडीत बसून सरळ किनाऱ्याकडे जातो.

आणखी एक लहान गोष्ट, जिच्यामुळे माणसे नाहक अडकतात. तिकिटावर नुसते ‘गोवा’ लिहिलेले पाहून निघू नका. दाबोळीची खूण ‘जीओआय’ आणि मोप्याची ‘जीओएक्स’. एकाच अक्षराचा फरक आहे, आणि चुकलात तर मधला रस्ता दीड तासाचा.