खाऱ्या वाऱ्याच्या भरवशावर

खारदांड्यात हवेचा विषय निघायचा अवकाश, एक वाक्य हमखास कानावर येतं: "आपल्याला दर्याचा वारा आहे, प्रदूषण तिकडे चेंबूरला." सुकट निवडत बसलेल्या मावशी हेच म्हणतात आणि कार्टर रोडच्या टॉवरमधले साहेबही हेच म्हणतात. दुपारी चारला किनाऱ्यावर उभं राहिलं तर ते पटतंही. पण आपण श्वास काही फक्त दुपारी चारला घेत नाही.

किनाऱ्यावरचा वारा दिशा बदलतो, हे कोळ्यांना कुणी शिकवायला नको. दिवसा जमीन लवकर तापते आणि समुद्राकडून खारे वारे येतात. रात्री जमीन लवकर निवते, मग जमिनीकडून मतलई सुटतो. शिडाच्या होड्या पहाटे मतलईवर बाहेर पडायच्या आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परतायच्या. मावशींना मी विचारलं, "थंडीत पहाटे चारला वारा कुठला?" "जमिनीकडचा," त्या लगेच म्हणाल्या आणि मग हातातलं सूप खाली ठेवून थोडा वेळ गप्प बसल्या. तो वारा द्रुतगती मार्ग, एस. व्ही. रोड, बांधकामं असं सगळं ओलांडून दांड्यात येतो. त्यात हिवाळ्यात जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार थराखाली कोंडते आणि धूर वर जात नाही. रात्री समुद्रावर गेलेला धूर काही वेळा दुसऱ्या दिवशी खाऱ्या वाऱ्याबरोबर परतही येतो.

दुसरा युक्तिवाद मोबाइल पुढे करून होतो: "हे बघा, आज हिरवं दाखवतंय." अहो, तो हवेचा आजचा निर्देशांक आहे! तो मुख्यतः गेल्या २४ तासांच्या सरासरीवर निघतो आणि आज बाहेर धावायला जावं का, एवढ्यापुरता कामाचा आहे. दीर्घकाळचा संपर्क मोजायचा तर वर्षाची सरासरी लागते. पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, यांची भारतातली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली शिफारस केलेली मर्यादा ५ वर आणली.

समजा, पावसाळ्याचे चार महिने सरासरी १५ आणि उरलेले आठ महिने ६०. वर्षाची सरासरी येते ४५. चार महिने हिरवं पाहूनही भारताचीच मर्यादा ओलांडलेली असते.

वर्षाच्या आकड्याचा हट्ट कशासाठी, असं कुणी विचारलं तर १९९३ चा हार्वर्डचा सहा शहरांचा अभ्यास सांगावा. आठ हजारांवर प्रौढांची १४ ते १६ वर्षं नोंद ठेवली. धूम्रपानासारख्या गोष्टींचा हिशेब करूनही सर्वांत प्रदूषित शहरात मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्के जास्त निघाला. "ते अमेरिकेतलं," असं म्हणणाऱ्यांसाठी २०२४ मध्ये 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'मध्ये आलेला अभ्यास आहे. भारतातल्या ६५५ जिल्ह्यांची २००९ ते २०१९ ची माहिती तपासली, तर वार्षिक पीएम २.५ दर १० मायक्रोग्रॅमने वाढलं की मृत्युदर ८.६ टक्क्यांनी वाढतो असं दिसलं.

तरी हवा मोजणाऱ्या केंद्राचा आकडा म्हणजे तुमच्या छातीतला आकडा नव्हे. वांद्रे-कुर्ला संकुलातलं यंत्र तिथली हवा मोजतं. म्हणून संशोधक केंद्रांच्या नोंदी, उपग्रहाची निरीक्षणं, रस्त्यांचं अंतर आणि जमिनीचा वापर एकत्र करून घराच्या पत्त्यावरची वार्षिक पातळी काढतात. काही अभ्यासांत माणसाच्या अंगावरच छोटं यंत्र बांधतात. चुलीपुढे किंवा रिक्षात तासन्‌तास बसणाऱ्याचा हिशेब त्याशिवाय नीट लागत नाही.

बाकीचे समज पटकन संपवतो. गूळ खाल्ल्याने धूळ निघत नाही, कारण गूळ पोटात जातो आणि धूळ फुप्फुसात. रुमाल बांधून पीएम २.५ अडत नाही. दोन ॲपवर दोन आकडे दिसतात, कारण एक भारतीय मोजपट्टी वापरतं, दुसरं अमेरिकी. म्हणून दोन्ही खोटी ठरत नाहीत. आणि धुकट दिसत नाही म्हणून हवा स्वच्छ, असंही नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर केंद्रनिहाय जुने आकडे मिळतात. जवळच्या केंद्राचे पूर्ण वर्षाचे उतरवून घ्या, पावसाळ्यासकट सरासरी काढा आणि आधी ४० शी, मग ५ शी ताडून पाहा.