यवतमाळ जिल्ह्यातली न दिसणारी शिवण

दारव्ह्याहून यवतमाळला जाताना वाटेत एक रेषा ओलांडावी लागते. तिथे दगड नाही, पाटीही नाही. ही रेषा म्हणजे ७८ अंश पूर्व रेखावृत्त. दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड ही गावे तिच्या पश्चिमेला. यवतमाळ, घाटंजी, पांढरकवडा, वणी पूर्वेला. रेखावृत्ते काल्पनिक असतात, असे आपण वर्गात सांगतो. पण उपग्रहाच्या किंवा ड्रोनच्या चित्रांवरून या जिल्ह्याचा नकाशा संगणकावर करायला बसले, की ही काल्पनिक रेषा चांगलीच आडवी येते. असे का होते ते पाहू या.

संत्र्याची साल टेबलावर सपाट पसरायला गेले की ती फाटते. पृथ्वीचा पृष्ठभाग कागदावर उतरवतानाही हीच अडचण येते. त्यावर उपाय म्हणून पृथ्वीचे ६-६ अंश रुंदीचे ६० उभे पट्टे कल्पिले आहेत. या पद्धतीला ‘यूटीएम’ म्हणतात. पट्टा अरुंद असल्यामुळे तो फारसा न ताणता सपाट करता येतो. ७२ ते ७८ अंश हा ४३वा पट्टा आणि ७८ ते ८४ अंश हा ४४वा. म्हणजे दोन पट्ट्यांची शिवण नेमकी यवतमाळ जिल्ह्यातून जाते.

प्रत्येक पट्ट्याच्या मध्यरेषेला ५,००,००० मीटर हा आकडा दिलेला असतो. पूर्वेकडे तो वाढतो, पश्चिमेकडे कमी होतो. त्यामुळे या शिवणीवरच्या एकाच जागेचा आकडा ४३व्या पट्ट्यात सुमारे ८,१३,००० मीटर येतो, तर ४४व्या पट्ट्यात सुमारे १,८७,००० मीटर. जागा एक, पत्ते दोन! शिवाय दोन्ही पट्ट्यांच्या कागदांवरची ‘वरची’ दिशाही इथे एकमेकींशी सुमारे २ अंशांचा कोन करते. म्हणून दोन चित्रे नुसती शेजारी ठेवून जुळत नाहीत.

आता चित्रांकडे वळू. युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे विनामूल्य मिळतात. त्यांच्या सर्वांत बारीक चित्रातला एक ठिपका जमिनीवर १० मीटर लांब व १० मीटर रुंद असतो, म्हणजे १०० चौरस मीटर. सातबाऱ्यावरचा एक आर म्हणजेच उपग्रहाचा एक ठिपका! ही चित्रे सुमारे ११० किलोमीटर बाजूच्या चौकोनांत येतात आणि प्रत्येक चौकोन आपापल्या पट्ट्यात बसवलेला असतो. वणीकडचे चित्र ४४व्या पट्ट्यात, तर शिवणीलगतच्या गावांची चित्रे दोन्ही पट्ट्यांत मिळतात. ड्रोनच्या चित्रातला ठिपका तर काही सेंटिमीटरांचाच असतो. ड्रोनचे एकमेकांवर चढणारे शेकडो फोटो जोडून संगणक एक सलग चित्र तयार करतो. त्यालाही कोणता तरी पट्टा द्यावाच लागतो.

‘क्यूजीआयएस’ या विनामूल्य संगणक-प्रणालीत अलीकडे बऱ्याच सोयी आल्या आहेत. २०१८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून वेगवेगळ्या पट्ट्यांतली चित्रे पडद्यावर आपोआप एकमेकांशी जुळवली जातात. पूर्वी ही सोय आपण चालू-बंद करू शकत असू. २०२० साली काळाची सरकपट्टी आली. तिच्यामुळे जूनच्या पेरणीपासून वेचणीपर्यंतची कपाशीची चित्रे क्रमाने पाहता येतात. ड्रोनच्या फोटोंपासून तयार होणारे लाखो उंची-बिंदू २०२१पासून थेट उघडता येतात. २०२२पासून टेकडीपासून नाल्यापर्यंत एक रेघ ओढली, की जमिनीचा चढउतार आलेखात दिसतो.

मात्र पडद्यावर चित्रे जुळली म्हणजे फाइली जुळल्या, असे नाही. प्रत्येक फाइल आपल्या मूळ पट्ट्यातच असते. सगळ्या जिल्ह्याचे एकच चित्र करायचे, तर आधी एका पट्ट्याची चित्रे दुसऱ्यात रूपांतरित करून घ्यावी लागतात. ती पायरी गाळली, तर जोडलेले चित्र चुकते.

क्षेत्रफळ मोजताना तर आणखीच जपावे लागते. इंटरनेटवरून मिळणारे पार्श्वभूमीचे नकाशे बहुधा ‘वेब मर्केटर’ या प्रकारचे असतात. त्यांत विषुववृत्तापासून दूर जावे तशी जमीन फुगते. यवतमाळच्या अक्षांशावर १ हेक्टर शेत अशा सपाट नकाशावर सुमारे १ हेक्टर १४ आर भरते. जमिनीवर नसलेले हे १४ आर बियाण्याच्या हिशेबात, विम्याच्या अर्जात किंवा दोन भावांच्या वाटणीत शिरले, तर काय होईल हे सांगायला नको. मोजपट्टीच्या खिडकीत ‘कार्टेशियन’ आणि ‘एलिप्सॉयडल’ असे दोन पर्याय असतात. दुसरा पर्याय पृथ्वीचा खरा, किंचित चपटा आकार धरून मोजतो. शेत मोजताना तोच निवडावा.

हा आकार मोजला कसा गेला? विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ साली मद्रासजवळ सुरू केलेल्या त्रिकोणमितीय मोजणीतला ‘महाकंस’ ७८ अंश रेखावृत्ताच्याच आसपास उत्तरेकडे गेला. लॅम्ब्टन १८२३ साली शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट येथे वारले. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हे काम नेले. त्यातून काढलेला पृथ्वीचा आकार ‘एव्हरेस्ट १८३०’ या नावाने आजही संगणकाच्या यादीत सापडतो.

शाळेत एक प्रयोग सहज करता येईल. विद्यार्थ्यांना टेपने मैदान मोजायला सांगावे. मग पार्श्वभूमीच्या उपग्रह-चित्रावर तेच मैदान दोन्ही पर्यायांनी मोजावे आणि तिन्ही उत्तरे फळ्यावर लिहावीत. कोणते उत्तर टेपच्या जवळ आहे आणि दुसरे का फुगले, हे मुलांनाच शोधू द्यावे.