दुसऱ्याची थीम बदलून वाटताना

• डेस्कटॉप थीम : विंडोच्या चौकटी, आयकॉन, कर्सर, रंग, वॉलपेपर यांचा संच. प्रत्येक घटकाचा हक्क वेगळ्या कलाकाराकडे असू शकतो.

• परवाना दिलेला नसेल तर : सर्व हक्क राखीव. कॉपीराइटसाठी नोंदणी सक्तीची नाही. भारतातला कायदा १९५७ चा.

• जीपीएल परवाना (१९८९) : बदलून वाटता येते, मात्र त्याच परवान्याखाली, सोर्ससह, बदलांची नोंद करून.

• क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) परवाने (२००२) : ‘बीवाय’ – श्रेय द्या. ‘एनसी’ – व्यावसायिक वापर नको. ‘एसए’ – पुढेही तोच परवाना. ‘एनडी’ – बदललेली प्रत वाटू नका, ४.० आवृत्तीत स्वतःपुरते बदल चालतात.

• उदाहरण : ग्नोम डेस्कटॉपचा ‘अद्वैत’ आयकॉनसंच. परवाना एलजीपीएल ३ (जीपीएलचा शिथिल प्रकार) किंवा सीसी बीवाय-एसए ३.०.

• फरक : श्रेय देणे म्हणजे परवानगी मिळणे नव्हे. फुकट वाटपालाही परवानगी लागते.