क्रीडा व्यवस्थापनाची पदवी : कोणी घ्यावी, कुठे घ्यावी, कशी घ्यावी

कबड्डीचा सामना सुरू होण्याआधी कोणीतरी मैदान आखलेले असते, पंचांच्या जेवणाखाण्याची सोय पाहिलेली असते, रुग्णवाहिका सांगून ठेवलेली असते आणि या सगळ्याला पैसे कुठून येणार याचा हिशेब मांडलेला असतो. हे काम पद्धतशीर शिकवणारा विषय म्हणजे क्रीडा व्यवस्थापन. अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठाने १९६६ साली या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. आपल्याकडे २००८ मध्ये आयपीएल आली, २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग आली आणि या कामासाठी शिकलेली माणसे हवीत हे सर्वांच्या लक्षात आले. आपण स्वतः किंवा आपल्या घरातले कोणी हा रस्ता धरणार असेल, तर एकेक टप्पा क्रमाने पाहू.

पहिला टप्पा : हे शिक्षण कशाचे, ते नीट समजून घ्या

सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचे असेल तर शारीरिक शिक्षणाची पदवी, म्हणजे बी.पी.एड., लागते. प्रशिक्षक व्हायचे असेल तर पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेसारख्या ठिकाणची पदविका उपयोगी पडते. क्रीडा व्यवस्थापनात यांपैकी काहीच होता येत नाही. इथे स्पर्धा भरवणे, संघाचा कारभार पाहणे, मैदान चालवणे, प्रायोजक मिळवणे आणि खेळाडूंचे करार सांभाळणे हे शिकवले जाते.

क्रिकेटचे वेड आहे म्हणून प्रवेश घेणारी मुले पहिल्या सहामाहीतच नाराज होतात, कारण हाती बॅटऐवजी ताळेबंद येतो. म्हणून आधी एक परीक्षा स्वतःच घ्या. आपल्या भागातल्या मंडळाच्या स्पर्धेत तीन-चार दिवस पडेल ते काम करा. सामना सुरू असताना मैदानाकडे पाठ करून पाण्याचे जार मोजावे लागले आणि तरीही काम आवडले, तर हा विषय आपला आहे.

दुसरा टप्पा : बारावीनंतर की पदवीनंतर?

बारावीनंतर पदवी अभ्यासक्रम आहेत आणि त्यांना बहुतेक ठिकाणी कोणतीही शाखा चालते. पदवीनंतर एम.बी.ए. किंवा त्या धर्तीचे पदव्युत्तर शिक्षण घेता येते.

मन अजून पक्के झाले नसेल, तर वाणिज्य, कायदा किंवा पत्रकारितेची पदवी घेऊन मग या विषयाकडे वळणे सोयीचे. हिशेब येणारा, करार वाचता येणारा किंवा बातमी लिहिता येणारा माणूस प्रत्येक संघाला लागतो. पुढे खेळाच्या क्षेत्रात रमलो नाही, तरी पहिली पदवी हाताशी राहते.

तिसरा टप्पा : संस्था पारखून घ्या

महाराष्ट्रात या विषयाचे पर्याय आहेत. माजी कसोटीपटू नीलेश कुलकर्णी यांनी २०१० मध्ये मुंबईत इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट्स मॅनेजमेंट ही संस्था सुरू केली. पुण्यात सिंबायोसिस स्कूल ऑफ स्पोर्ट्स सायन्सेसमध्ये क्रीडा व्यवस्थापनाचे एम.बी.ए. आहे. इतरही बऱ्याच संस्था जाहिराती करतात, म्हणून पारख करायला शिकले पाहिजे.

पहिला प्रश्न विचारायचा तो असा : प्रमाणपत्रावर कोणत्या विद्यापीठाचे नाव असेल? आपल्या देशात पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. विद्यापीठ अनुदान आयोग, म्हणजे यूजीसी, मान्यताप्राप्त विद्यापीठांची यादी आपल्या संकेतस्थळावर देतो. तिथे नाव पाहा. ‘पदवीच्या तोडीचा अभ्यासक्रम’ असे कोणी म्हणाले की थांबा. पुढे सरकारी नोकरीचा किंवा परदेशी विद्यापीठाचा अर्ज भरताना हा फरक अंगाशी येतो.

दुसरा प्रश्न नोकरीचा. भिंतीवर संघांची बोधचिन्हे लावलेली असतात, पण विद्यार्थ्यांनी तिथे नेमके काय केले ते विचारा. सामन्याच्या दिवशी एकदा स्वयंसेवक म्हणून उभे राहणे वेगळे आणि पूर्ण हंगाम संघाच्या कार्यालयात काम करणे वेगळे. गेल्या दोन तुकड्यांतल्या चार-पाच माजी विद्यार्थ्यांशी स्वतः बोला. फी भरण्याआधीची ही सर्वात उपयोगाची चौकशी.

चौथा टप्पा : प्रवेशाची मुलाखत

प्रवेश परीक्षेत सहसा गणित, इंग्रजी, तर्क आणि खेळांची सामान्य माहिती असते. मुलाखतीत मात्र बरेच जण ‘मला लहानपणापासून खेळाची आवड आहे’ या वाक्यावर अडकतात. त्यापेक्षा पाहिलेल्या एखाद्या स्पर्धेबद्दल बोला : तिकिटांची रांग का रखडली, महिला प्रेक्षकांसाठी स्वच्छतागृह होते का, फलक कोणत्या दुकानाचे होते आणि ते नेमके त्याच दुकानाचे का होते. जिल्हा पातळीवर खेळला असाल तर ते जरूर सांगा, पण त्या स्पर्धेची व्यवस्था कशी होती हेही सांगा.

पाचवा टप्पा : वर्गात काय शिकवतात

सुरुवातीला हिशेब, विपणन (म्हणजे वस्तू किंवा सेवा योग्य गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवण्याचे शास्त्र), मनुष्यबळ आणि कायदा असे विषय येतात. मग खेळाशी थेट जोडलेले विषय सुरू होतात. त्यांतला स्पर्धेच्या आखणीचा विषय जवळून पाहू, कारण तो सोपा वाटतो आणि तिथेच घोळ होतात.

समजा कबड्डीच्या स्पर्धेला २१ संघ आले. बाद पद्धतीत, म्हणजे हरला तो बाहेर या पद्धतीत, एकूण सामने संघांपेक्षा एकाने कमी असतात, म्हणजे २०. पहिल्या फेरीनंतर १६ संघ उरले पाहिजेत. म्हणून ११ संघांना ‘बाय’, म्हणजे न खेळता पुढची चाल, द्यावी लागते आणि उरलेल्या दहा संघांत पाच सामने होतात.

पुरुषांचा सामना २० मिनिटांच्या दोन डावांचा, मध्ये पाच मिनिटांची विश्रांती. संघ मैदानात येणे, नाणेफेक आणि किरकोळ वाद धरून एका सामन्याला तास लागतो. दोन मैदाने आणि रोज संध्याकाळी सहा ते दहा इतका वेळ असेल, तर दिवसाला आठ सामने होतात. तीन दिवसांत आठ, आठ आणि चार असे सामने बसवले की कागदावर हिशेब जुळला.

आता शेवटचा दिवस पाहा. त्या दिवशी एक उपांत्यपूर्व, दोन उपांत्य आणि अंतिम सामना येतो. म्हणजे उपांत्यपूर्व सामना खेळून पुढे गेलेल्या संघाला एकाच संध्याकाळी तीन सामने खेळावे लागतील आणि समोरचे संघ ताजे असतील. उपाय सोपा आहे. दुसऱ्या दिवशी तासभर आधी, पाचला सुरुवात करा आणि चारही उपांत्यपूर्व सामने त्याच दिवशी उरकून घ्या. व्यवस्थापक हवा तो यासाठी. सामने वेळेत संपवणे हे अर्धे काम झाले. प्रत्येक संघाला सारखी संधी मिळते की नाही हे पाहणे, हे उरलेले अर्धे.

सहावा टप्पा : पैसा कुठून येतो

प्रायोजकत्व म्हणजे एखाद्या व्यावसायिकाने पैसे द्यायचे आणि बदल्यात त्याचे नाव लोकांसमोर यायचे. नवखी मुले इथे देणगी मागायला गेल्यासारखी जातात. त्याऐवजी आपण काय देणार ते कागदावर लिहा : मैदानाच्या कडेचे किती फलक, जर्सीवर कुठे नाव, किती वेळा घोषणा, अंदाजे किती प्रेक्षक. स्पर्धा संपली की फोटोंसह अहवाल द्या. दुसऱ्या वर्षी पैसे मिळतात ते या अहवालामुळे.

सामाजिक उत्तरदायित्व निधी, ज्याला सगळे सीएसआर म्हणतात, हाही एक मार्ग आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. त्या कामांच्या यादीत ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यतेचे खेळ, ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक खेळ यांचे प्रशिक्षण येते. नुसत्या बक्षीस समारंभासाठी हा निधी मागितला की अर्ज परत येतो. प्रशिक्षणाचा आराखडा जोडावा लागतो.

एकाच प्रायोजकावर सगळा भार टाकू नये, हेही इथे शिकायचे. २०२५ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली आणि भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरचा प्रायोजक अशाच खेळांची कंपनी असल्याने बदलावा लागला. एवढ्या मोठ्या संघाला दुसरा प्रायोजक मिळाला. तालुक्याच्या स्पर्धेवर अशी वेळ आली तर स्पर्धाच रद्द होते.

सातवा टप्पा : संघटना आणि कायदा

आपल्याकडे खेळाचा कारभार उतरंडीने चालतो. क्लब किंवा मंडळ, त्यावर जिल्हा संघटना, मग राज्य संघटना, मग राष्ट्रीय महासंघ. जिल्हा संघटनेची मान्यता न घेता भरवलेल्या स्पर्धेत खेळाडूंनी घाम गाळला, तरी त्या कामगिरीची नोंद अधिकृत निवडीसाठी धरली जाईलच असे नाही. म्हणून मान्यतेचे पत्र आधी, पत्रिका छापणे नंतर.

२०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला. त्यात महासंघांना मान्यता देणारे राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि वाद सोडवणारे राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरण यांची तरतूद आहे. आज शिकणाऱ्या विद्यार्थ्याने हा कायदा मुळातून वाचावा.

आठवा टप्पा : प्रत्यक्ष काम

या पदवीचे मोल ठरते ते इथे. इंटर्नशिप, म्हणजे शिकता शिकता केलेले प्रत्यक्ष काम, संस्थेने मिळवून देईपर्यंत वाट पाहू नका. २००४ पासून मुंबई मॅरेथॉन होते आणि तिला दरवर्षी मोठ्या संख्येने स्वयंसेवक लागतात. कोल्हापुरात तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळतात तेव्हा गर्दी आवरणे हाच एक धडा असतो. गोव्यात फुटबॉल, कोकणात कबड्डी. काम शोधायला फार लांब जावे लागत नाही.

दोन चुका टाळा. काम कोणते, किती दिवस, प्रवासखर्च मिळणार का, हे आधी लेखी घ्या. नाहीतर महिनोन्‌महिने फुकट राबवले जाते. दुसरे म्हणजे काम झाल्याबरोबर त्याची नोंद करा : आपल्याकडे कोणती जबाबदारी होती, काय अडले, ते कसे सोडवले.

नववा टप्पा : परदेशात जायचे असेल तर

ब्रिटनमधल्या लफबरो विद्यापीठाचे नाव खेळाशी संबंधित शिक्षणासाठी जगभर घेतले जाते. ‘फिफा मास्टर’ हा अभ्यासक्रम २००० पासून लेस्टर, मिलान आणि न्यूशातेल अशा तीन देशांतल्या तीन शहरांत शिकवला जातो. पण तिथला खर्च भारी असतो आणि अनुभव असलेल्या उमेदवारांना तिथे जास्त वाव मिळतो. म्हणून आधी इथे दोन-तीन वर्षे काम करून मग जाणे शहाणपणाचे. कर्ज काढणार असाल तर इथल्या पगारातून त्याचा हप्ता फेडता येईल का, हा हिशेब घरच्यांसोबत बसून करा.

दहावा टप्पा : पहिली नोकरी

या क्षेत्रातल्या बऱ्याच नोकऱ्या हंगामी असतात. लीग संपली की करार संपतो. शनिवार-रविवारी आणि सणासुदीला काम असते, कारण सामने तेव्हाच होतात. म्हणून संघांच्या पलीकडेही पाहा. क्रीडासंकुले, शाळांच्या क्रीडा अकादम्या, स्पर्धा भरवणाऱ्या कंपन्या, साहित्य बनवणारे उद्योग, खेळाचे प्रसारण करणारी माध्यमे या ठिकाणी वर्षभराचे काम मिळू शकते.

मुलाखतीला जाताना गुणपत्रिकेसोबत आपल्या नोंदींची फाईल न्या. आणि काम मिळाल्यावर एक गोष्ट धरून ठेवा. वेळापत्रक कोलमडले की मुलींचे सामने मध्यरात्रीवर जातात, मग घरचे पुढच्या वर्षी मुलीला पाठवत नाहीत आणि चांगली खेळाडू खेळ सोडते. स्पर्धेच्या गैरव्यवस्थेची किंमत खेळाडू मोजतात. ती त्यांना मोजावी लागू नये, यासाठी हे शिक्षण घ्यायचे आहे.